भिंतीखालचा रानगुलाब

१४ नोव्हेंबर

ती. वन्संना,

नमस्कार. मी ठीक आहे, घर ठीक आहे, डावा गुडघा त्याच्या मनाला येईल तेव्हा ठीक असतो. तुमच्या गुडघ्यांना त्याचा नमस्कार सांगा. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण रोज संध्याकाळी लिहायला म्हणून मागच्या दारात खुर्ची टाकते आणि मग नुसती बसूनच राहते. कागद मांडीवर, पेन हातात, आणि ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरत जातं ते बघत. शेवटी अक्षर दिसेनासं होतं आणि मी कोरा कागद घेऊन आत येते.

आज दुकानाला सुट्टी आहे आणि भर दुपारी बसले आहे, तेव्हा सबब चालायची नाही.

तुम्ही रानगुलाबाचं विचारलंत. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती काटेरी जुडी तुम्ही माझ्या हातात दिलीत, तेव्हा ह्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तुमच्या घरामागच्या उतारावरून तुम्ही स्वतः खणून काढली होतीत आणि म्हणाला होतात, "याच उतारावरून तो लहानपणी गडगडत यायचा. लाव. पण लाड करू नकोस." मी लावली आणि नेमके लाडच केले. तेव्हा माझ्या हातांना दुसरं काही उरलं नव्हतं, वन्सं. खत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, थंडीत अंगावर जुनी चादर घातली. पहिल्या उन्हाळ्यात नुसता पाला आला. हिरवागार, गुबगुबीत, आणि कळीचा पत्ता नाही. तुम्हाला कळवलं तर तुमचं एका ओळीचं उत्तर आलं, "खायला घालणं बंद कर, फुलेल." मग मी माती उकरून तिच्यात वाळू आणि बारीक खडी कालवली, झारी उलटी करून ठेवली आणि मन घट्ट केलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात फुलला. पाच पाकळ्यांचं साधं गुलाबी फूल, मध्ये पिवळे केसर, बस्स. फुलवाल्याकडच्या गुलाबांच्या मानाने ते इतकं कमी होतं की मला हसूच आलं. मग वाकले, आणि वास आला. त्यानंतर बराच वेळ मी वाकलेलीच होते.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. नवीन गोष्ट पुढे आहे. फुलून झाल्यावर गप्प बसेल तर तो तुमच्या घरचा कसला. तो जमिनीखालून चालायला लागला. आधी फरशीच्या फटीतून एक कोंब, मग कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, मग थेट मोरीच्या पायरीपाशी. सकाळी दार उघडावं तर नव्याच जागी एक लालसर काटेरी बोट वर आलेलं. झुडूप बसकं, जेमतेम पोटरीला लागेल एवढं, त्यामुळे येता-जाता ओरखडे नेमके पायांवर. आमच्या दुकानात मी रफूला बसते तिथे उजेडासाठी खिडकी आहे, तिथे मालकीणबाईंनी माझे पाय बघितले. म्हणाल्या, "मांजर पाळलंत का?" मी म्हटलं, "नाही हो, सासर पाळलंय."

उपटून टाकायला हात होईना. म्हणून मग शेजारच्या पत्रेवाल्यांना बोलावलं. तुम्ही त्यांना बघितलं असेल. हे गेले त्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडत होते ते उंच गृहस्थ. पन्हळी, बादल्या, झाऱ्या, धुराडी, पत्र्याचं म्हणून जे काही असतं ते सगळं करतात. माझं मागचं अंगण आणि त्यांच्या कारखान्याचं अंगण यांच्यात विटांची एक बुटकी भिंत आहे, पाया नावालाच. त्यांचं काम चालू असलं की ठकठक ऐकू येते. ते जेवायला उठले की कळतं, कारण सगळीकडे एकदम शांत होतं.

ते आले, झुडपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "याला कोंडायचं कशाला?"

मी म्हटलं, "मला मोरीपर्यंत जायला वाट हवी म्हणून."

त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. असा माणूस मी बघितला नाही. साधं 'बरं' म्हणायचं असलं तरी आधी मनात मापं घेतल्यासारखा थांबतो. मग म्हणाले, "बरं."

त्यांची युक्ती अशी. जस्ताच्या पत्र्याच्या हातभर रुंद पट्ट्या कापायच्या, झुडपाभोवती चर खणून त्या उभ्या पुरायच्या, एकीची कड दुसरीत दुमडायची आणि त्या सांध्यावर डाख द्यायचा, म्हणजे कथील वितळवून तो बुजवून टाकायचा. मूळ येऊन पत्र्याला आदळतं आणि मागे वळतं. सांधा कच्चा राहिला तर मात्र एवढ्याशा फटीतूनही निसटतं, असं ते म्हणाले. त्यांच्या सांध्यांचं गल्लीत नाव आहे. त्यांनी बसवलेली पन्हळ गळते असं म्हणणारा अजून भेटायचा आहे.

काम चार-पाच संध्याकाळी चाललं. एका दिवसात झालं असतं, असं मला आपलं वाटतं. ते कारखाना बंद करून यायचे, मी रफूचं काम घेऊन दारात बसायचे. खणलेल्या मातीचा गार वास, मधूनच कात्रीचा करकर आवाज, आणि फारसं बोलणं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "भोक बुजवल्यावर ते कुठे होतं, हे तुम्हाला तरी दिसतं का?"

"मला एकटीलाच दिसतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "माझंही तसंच आहे."

एवढंच. पण त्या दिवशी मी एका स्वेटरची बाही उलटी जोडली आणि मग उसवत बसले.

शेवटच्या दिवशी मी चहा केला. भिंतीकडची बाजू त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली होती. मी आत कप विसळून बाहेर आले तोवर माती ओढून झाली होती आणि ते भिंतीला टेकून हात पुसत उभे होते. जरा लाजल्यासारखे दिसत होते. काम संपलं की काही माणसांना चुकल्यासारखं होतं, त्यातलं असेल असं मी समजले.

आणखी एक सांगायचं आहे. हल्ली दुपारी डोळा लागला की मला एकच स्वप्न पडतं. तुमचा उतार असतो, फुलांनी भरलेला. हे तिथे वाकून काहीतरी शोधत असतात. चष्मा असेल किंवा किल्ली, जन्मभर काहीतरी शोधतच तर होते. मी वरून हाक मारते. ते मान वर करत नाहीत, नुसता हात हलवतात, म्हणजे तू हो पुढे, मी येतो. छापखान्यातून निघताना मला फाटकात उभी ठेवून करायचे तसं. जाग येते तेव्हा मला वाईट वाटत नाही, उलट अंगात हलकं-हलकं असतं. वाईट वाटत नाही याचंच जरा नवल वाटतं. तुमच्याखेरीज हे कुणाला सांगणार.

असो. वाट मोकळी झाली आहे, पाय बरे आहेत. थंडीला जपा. उतारावर एकट्या जाऊ नका, आणि जाणारच असाल तर काठी घेऊन जा.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्रेवाल्यांनी माझ्या झारीला नवी तोटी बसवून दिली. मी मागितली नव्हती.

२२ मे

ती. वन्संना,

नमस्कार. फुलला.

सकाळची वेळ आहे, दुकानात आज उशिरा जायचं आहे, आणि मी दारात बसून लिहिते आहे. तुमचं हिवाळ्यातलं पत्र समोर आहे. त्यात तुम्ही लिहिलंत, "मी गुलाबाचं विचारलं होतं, तू पत्रेवाल्यांचं कळवलंस." वाचून मी तुमच्यावर चांगली रागावले. मग उत्तर लिहायला घेतलं, त्यात हवापाण्याखेरीज काही येईना, म्हणून फाडलं. असं बऱ्याचदा झालं. तुम्हाला वाटलं असेल ही आळशी आहे. आळशी असते तर बरं झालं असतं.

आधी फुलांचं लिहिते, ते सोपं आहे. पहाट सरते तेव्हा कळ्या सुटतात. उन्हं वर येईपर्यंत रंग गडद असतो, दुपारी उतरतो, संध्याकाळी पाकळ्या गळतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कळ्या तेच सगळं पहिल्यापासून करतात. पाकळ्या ओल्या कपड्यांना चिकटतात. परवा दुकानात एका गिऱ्हाइकाचा कोट उलगडला, तर माझ्याच बाहीतली एक पाकळी त्यावर पडली. मी ती उचलायची सोडून तिच्याकडे बघत बसले. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही हल्ली असता कुठे?" खरंच, मला सांगता आलं नाही. या दिवसांत सगळं घर अर्धं झोपेत असल्यासारखं असतं. खिडकी उघडी, वास आत, आणि मी चहाचं आधण ठेवून विसरलेली.

पत्र्याच्या रिंगणाबाहेर तीन बाजूंना एक कोंब नाही. काम म्हणजे काम. चौथ्या बाजूचं सांगायला मात्र मला नवा परिच्छेद हवा.

गेल्या महिन्यात मी घोंगडी उन्हात घालायला म्हणून भिंतीपाशी गेले आणि सहज पलीकडे डोकावले. पत्रेवाल्यांचं अंगण तुम्हाला कसं सांगू. गंजलेली माती, लोखंडाचा चुरा, मोडके पाइप, वाकलेली धुराडी. त्यात भिंतीच्या पायाशी एक ओळ उभी होती, लालसर काटेरी कोंबांची. मुळीच शंका नव्हती, आपलाच. आणि गंमत म्हणजे तेवढ्या जागेतलं भंगार कुणीतरी उचलून बाजूला रचलं होतं. माती साफ केली होती. म्हणजे ते कोंब आज आलेले नव्हते, आणि बघणाऱ्याने ते केव्हाच बघितले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या हद्दीत आपलं झुडूप शिरलं, आणि तेही बिचारे सांगत नाहीत. तशीच खुरपं घेऊन गेले. ते पत्रा वाकवत होते.

"तुमच्याकडे आमचं झुडूप आलंय," मी म्हटलं, "काढून देते."

"राहू द्या."

"अहो, दोन वर्षांत तुम्हाला कारखान्यात शिरता यायचं नाही."

"चालेल."

मला थट्टा करायची लहर आली. "म्हणजे तुमचा एक सांधा सुटला म्हणायचा. सांगू का गल्लीत?"

त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. मग आपली ती मापं घेतली. "सुटला नाही, बाई. तिथला सांधा मी दिलाच नव्हता."

मला आधी कळलंच नाही. विसरले असतील असं वाटलं. तर म्हणाले, "तुम्ही आत कप विसळत होतात. डाख वितळून तयार होता. म्हटलं, ही एक जागा राहू दे. त्याला इकडे यायचं असेल तर वाट असावी. नाही आलं तर नाही आलं."

वन्सं, ज्या माणसाने आयुष्यात कच्चा सांधा दिला नाही, त्याने एक मुद्दाम सोडला आणि हिवाळाभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी भिंतीच्या पायाशी वाकून बघत असणार. मी तिथल्याच एका उपड्या बादलीवर बसले. हसले की रडले ते नीट सांगता येणार नाही. खुरपं हातात तसंच होतं. त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि भिंतीवर ठेवलं, बहुधा कोंबांच्या काळजीने.

तेव्हापासून आम्ही बोलतो. भिंतीच्या अल्याडपल्याड उभे राहून. त्यांना मागेपुढे कुणी नाही. आईवडील लवकर गेले, भावंड एकही नाही, लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही, असं करता करता पन्हळींची कामं येत गेली." मी ह्यांच्याबद्दल सांगते. त्यांना आवडतं ऐकायला. ह्यांनी एकदा छापखान्यातून घरी येताना स्वतःचा डबा बसमध्ये ठेवून दुसऱ्याच कुणाचा उचलून आणला होता, ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला लावली.

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं. अगदी साध्या शब्दांत, "आपण रीतसर लग्न करावं असं माझ्या मनात आहे. तुम्ही सावकाश सांगा."

मी म्हटलं, "मला आधी एक पत्र लिहावं लागेल."

"कुणाला?"

"आमच्या वन्संना."

"अवश्य लिहा." मग थांबून, "आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

मी घरात येऊन भांडी लावत बसले.

ते पत्र हेच. इतका वेळ गुलाबाआड लपले, आता लिहिते. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. सोबत होईल, उतारवयात आधार होईल, असलं काहीतरी लिहावं असं आधी मनात होतं. लोकांना सांगायला ते बरं असतं. तुम्हाला तसलं लिहिणं जिवावर येतं. मला ते आवडतात. ठकठक थांबली की माझे कान टवकारतात. सुरू झाली की जीव भांड्यात पडतो. या वयात हे शोभतं का, ते मला ठाऊक नाही. आहे हे असं आहे.

हे माझ्या मनातून तसूभरही हललेले नाहीत. एक काढून तिथे दुसरं ठेवावं, असं मनात काही करावं लागत नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं. तुम्ही विश्वास ठेवाल की नाही कोण जाणे.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार," असं लिहून मी पत्र संपवणार होते. चांगलं दिसलं असतं. पण ते खोटं आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी मी करीनच. तेव्हा हे परवानगीचं पत्र नाही, हे लिहिता लिहिता मला कळलं. मला भीती आहे ती वेगळीच. आई गेल्यावर ह्यांना तुम्ही वाढवलंत. मला तर माहेर असं नव्हतंच. सुट्टी मिळाली की मी तुमच्याकडे यायचे, आणि तुम्ही भावाला पाणी भरायला लावून मला उशिरापर्यंत झोपू द्यायचात. तुम्ही वयाने एवढ्या मोठ्या, पण पहिल्या दिवसापासून मला वहिनी म्हणालात, नावाने कधी हाक मारली नाहीत. मी तुम्हाला वन्सं म्हणते ती तुमच्या भावाची बायको म्हणून. उद्या मी दुसऱ्या कुणाची बायको झाले की कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही मला काय म्हणाल? मी तुमची कोण राहीन? माझं म्हणावं असं माणूस जगात तुम्ही एक उरलात, आणि या पत्राने मी नेमकं तेच पणाला लावते आहे. मला तुम्ही हव्या आहात. एवढंच मागणं आहे.

रागवायचं असेल तर लिहून रागवा. गप्प राहू नका. तुमचं गप्प राहणं मी हे गेले त्या हिवाळ्यात बघितलं आहे, ते पुन्हा मला झेपायचं नाही.

अजून तरी तुमची,
वहिनी

९ जून

अनेक आशीर्वाद.

वर मायना लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. काय लिहावं ते ठरत नव्हतं. म्हटलं, पत्राला सुरुवात तर करू.

आधी गुलाबाचं. भिंतीपलीकडचे कोंब यंदा फुलणार नाहीत. हे झुडूप मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतं, नव्या जागी पहिलं वर्ष नुसतं उभं राहतं. तेव्हा फुलं नाहीत म्हणून कुणी खत घेऊन धावू नका, आणि तू तर मुळीच नको. लोखंडाच्या चुऱ्याचं काही वाटून घेऊ नका, इथे ते नुसत्या दगडांत वाढतं. छाटू नका. पाणी ओंजळभर.

आता दुसरं. तुझं पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला बोलू. पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि भांडी घासायला बसले. घासून झालेली पुन्हा घासली. माझा भाऊ तिकडे एकटा पडला आणि ही इकडे कान टवकारून बसली आहे, असलं काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलत होते. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही. तो राग कुणावर तरी काढायचा होता, तू सापडलीस. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं, म्हणून थांबले. तुला माझं गप्प राहणं सोसत नाही ते ठाऊक आहे, पण तेवढं सोसावं लागलं.

मग एका सकाळी उतारावर गेले. काठी घेऊन गेले, काळजी नको. सगळा उतार फुलला होता. धुकं होतं, त्यामुळे फुलं दिसायच्या आधी वासच यायचा. बसले एका दगडावर. तो सात-आठ वर्षांचा असताना इथेच पडला होता. मी सुईने त्याच्या अंगातले काटे काढत होते आणि तो रडायचं सोडून मला विचारत होता, "ताई, वर जाऊन परत एकदा येऊ?" इतकी वर्षं प्रसूतिगृहातल्या नोकरीत मी कळवळणारी माणसं बघितली, पण असा मुलगा नाही बघितला.

तिथे बसून मी त्याला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, ऐकायला कुणी नव्हतं. सांधा सोडल्याचं सांगताना मला हसू आलं. तो असता तर त्या गृहस्थांना खुर्चीत बसवून ती गोष्ट त्याने दहा वेळा सांगायला लावली असती, आणि दर वेळी नव्याने हसला असता. घरी येईपर्यंत माझा राग उतरला होता. रडायला आलं, ते वेगळं. ते येतच असतं.

आता तुझा प्रश्न. तू कोण आणि मी कोण. तू लिहितेस की पत्रेवाल्यांना भावंड नाही. म्हणजे या लग्नात तुला नणंद नाही. हे मला पसंत नाही. नणंद नसली की बायका फार शेफारतात, आणि तू तर आधीच शेफारलेली आहेस, तुला मीच शेफारून ठेवलंय. ती जागा मी घेते. पहिल्या खेपेला भावाने तुला माझ्याकडे आणलं. या खेपेला तू माझ्याकडे भाऊ आणते आहेस. मला एवढाच फरक दिसतो. त्यांना विचारू नकोस, सांग. मोठी बहीण आहे, जिभेला धार आहे, दर पत्राला उत्तर लागतं, आणि ते वेळेवर लागतं.

सुट्टी मिळाली की दोघं या. त्यांना डाखाचं सामान बरोबर घ्यायला सांग. माझी मागची पन्हळ गेल्या वर्षापासून गळते आहे, आणि भावाला कामाला लावताना मला आजवर कुणाची परवानगी लागलेली नाही. ते शिडीवर असतील तेव्हा तू खुशाल झोप.

मायना आत्ता सुचला. वर जागा ठेवली नव्हती, म्हणून इथेच लिहिते.

चि. सौ. कां. वहिनी, लवकर या.

तुझी,
वन्सं